पाठमोऱ्याचं तोंड

आमच्या ऑफिसच्या पहारेकरी चौकीताईंनी पहिल्याच दिवशी मला दारात अडवलं. माझ्या गळ्यात कंपनीचं कार्ड होतं, कार्डावर माझा फोटो होता, आणि तरी ही बाई कार्डाकडे ढुंकूनही न बघता माझ्या तोंडाकडे बघत उभी! मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते दोन बोटांनी बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "थांबा जरा, आधी तुम्हाला बघू दे. कार्ड काय, कुणाच्याही गळ्यात अडकवता येतं."

चांगलं दहा-बारा सेकंद निरखून झाल्यावर "हं, जा" असा हुकूम झाला. त्यानंतरच्या सात वर्षांत त्यांनी मला एकदाही कार्ड विचारलं नाही. मधल्या काळात मी दाढी वाढवली, काढली, चष्मा लावला, दहा किलो वजन वाढवलं (ते मात्र काही केल्या काढता आलं नाही), पण त्यांच्या लेखी मी तोच होतो. बरं, हे भाग्य माझ्या एकट्याचं नाही. पाण्याचे जार आणणारा, काचा पुसणारा, वरच्या मजल्यावरच्या नाचाच्या क्लासला जाताना चुकून आमच्या मजल्यावर उतरणाऱ्या मुली, सगळे त्यांच्या डोक्यात पक्के असत.

आमची कंपनी व्हिडिओ गेम बनवते. तिसऱ्या मजल्यावर तेवीस माणसं, सव्वीस कॉम्प्युटर आणि एक कायम गळणारा एसी. माझं काम गेममधल्या प्राण्यांना अक्कल पुरवण्याचं. लांडगा कधी पळेल, राक्षस कधी चिडेल, कोंबडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला धावेल, हे मी ठरवतो. बायको म्हणते, सगळी तिकडेच वाटून टाकू नका, घरी येताना थोडी आणत जा.

चौकीताई आमच्याकडे येण्याआधी एकोणीस वर्षं बुटांच्या कारखान्याच्या फाटकावर होत्या. नऊशे माणसं, तीन पाळ्या. कारखाना दुसरीकडे गेला आणि त्या आमच्या दाराशी आल्या. त्यांची खुर्ची काचेच्या दाराबाहेर असायची, दाराकडे पाठ आणि जिन्याकडे तोंड. मालकांना ते खटकायचं. मालक म्हणजे आमचे कंपनीवाले. वय पस्तीस, टी-शर्टावर नेहमी काहीतरी ड्रॅगन, पण सगळं ऑफिस त्यांना मालकच म्हणतं आणि त्यांनाही ते मनातून आवडतं. त्यांचं म्हणणं असं, की खुर्ची आत घ्या, गारव्यात बसा, आमच्याकडे तोंड करून.

"आत तोंड करून बसले तर मी तुमच्यावर पहारा करतेय असं होईल," चौकीताई म्हणाल्या. "तुम्ही काय चोर आहात?"

मालकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या वर्षी आम्ही आमचा सगळ्यात मोठा गेम करायला घेतला होता. डोंगरकड्यावरचं एक गाव, त्या गावात वाढलेला खेळाडू, आणि वेशीवर बसलेला एक राखणदार प्राणी. त्याला मारलं की वेस मोकळी, मग खेळाडू बाहेरच्या जगात जाणार. गाव झालं, कडा झाला, विहीर झाली, प्राणी काही सुचेना.

आता राखणदार प्राणी ही आमच्या धंद्यानं काढलेली टूम नव्हे. माणसानं दार बसवलं, तेव्हाच दाराशी कुणाला तरी बसवलं असणार. पायऱ्यांवरचे दगडी सिंह, पुरलेल्या हंड्यावरचा नाग, पाताळाच्या वाटेवरचा तीन डोक्यांचा कुत्रा, पुलाखाली बसून कोडी घालणारा कुणीतरी. जगाच्या पाठीवर कुठेही जा, हे हजर. गेमवाल्यांनी त्यांना उचललं खरं, पण उचलताना फक्त दात आणि नखं घेतली. तो तिथे कुणासाठी बसलाय, कुणाच्या वाटेला तो जात नाही, हा भाग म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींतच राहून गेला. आमच्याकडे तो बसतो तो मार खायला. डोक्यावर एक लाल पट्टी, पट्टी संपली की प्राणी संपला, दार उघडलं, चला पुढे. मी स्वतः असे सदतीस प्राणी अक्कल घालून मरायला पाठवले होते आणि मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

तर, प्राणी सुचत नव्हता. आमच्यातला गेमच्या गोष्टी लिहिणारा, त्याला आम्ही गोष्टीवाला म्हणतो, एका संध्याकाळी टॅक्सीची वाट बघत दाराबाहेर उभा होता आणि तोंडातल्या तोंडात कुरकुरत होता. चौकीताईंनी विचारलं काय झालं. त्यानं सांगितलं.

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या. "माझ्या आईच्या गावाला होता एक. वेशीवर बसायचा. गोठ्याएवढा मोठा, अंगावर शेवाळ. त्याच्या मर्जीशिवाय परका माणूस गावात पाऊल टाकू शकत नसे."

गोष्टीवाल्याचे डोळे चमकले. नेमकी तेवढ्यात टॅक्सी आली.

"बाकीची उद्या सांगते," चौकीताई म्हणाल्या.

उद्या त्यानं विचारलंच नाही. अर्धी गोष्ट ऐकून हा टॅक्सीत बसला, आणि त्या अर्ध्या गोष्टीवर आम्ही तेवीस माणसांनी सहा आठवडे काम केलं. प्राण्याला 'कालदंष्ट्र' असं नाव पडलं. आमची चित्रकार मुलगी तर त्याच्या तोंडानं झपाटलीच. तिनं त्याला दोनशे चौदा दात काढले, एकसारखा एकही नाही. तेव्हापासून आम्ही तिला डेंटिस्ट म्हणू लागलो. तोंड खरंच भयंकर झालं होतं. एवढं भारी तोंड खेळाडूला दिसायला हवं, म्हणून प्राणी गावाकडे तोंड करून बसवला. खेळाडू गावातून येणार, म्हणजे समोरासमोर. यात काही चुकतंय असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि अक्कल पुरवण्याचा पगार मी घेत होतो.

इकडे चौकीताई खुशीत होत्या. आपली गोष्ट गेममध्ये येतेय हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी ते आईला सांगून टाकलं होतं. आई ऐंशी पार केलेल्या, ऑफिसपासून चार गल्ल्या सोडून दोन खोल्यांच्या घरात लेकीबरोबर राहायच्या. गुडघे गेलेले, कान शाबूत, जीभ तर एकदम शाबूत. त्या दिवसापासून आजींचा रोजचा एकच प्रश्न होता, की झाला का आमचा तो? आणि चौकीताई रोज सांगायच्या, होतोय, होतोय, दात येतायत.

एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मालकांनी हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा सगळ्यांना प्राणी दाखवला. आमचा एक तरबेज टेस्टर, म्हणजे गेम खेळून चुका शोधणारा, खेळत होता. कालदंष्ट्र गर्जना करत उठला, दोनशे चौदा दात चमकले, टेस्टरनं गुडघ्यावर घाव घातले, पोटात घातले, लाल पट्टी सरसर खाली आली, आणि तो धाडकन कोसळला. टाळ्यांचा कडकडाट झाला. चौकीताई कुणाचं तरी पार्सल घेऊन आत आल्या होत्या, त्या दाराशीच थांबल्या.

"मेला?" त्यांनी मला विचारलं.

"मेला की! दोन मिनिटं दहा सेकंद. बरा टिकला." मी अगदी अभिमानानं सांगितलं. माझीच अक्कल होती ना.

त्यांनी पार्सल माझ्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर गेल्या. त्या दुपारी टेस्टरनं तो प्राणी आणखी अकरा वेळा मारला. काचेतून सगळं दिसत होतं, आणि सात वर्षांत पहिल्यांदाच चौकीताई मान वळवून आत बघत होत्या.

चारच्या मीटिंगला दार ढकलून त्या सरळ आत आल्या. बाहेर खुर्ची रिकामी पडली होती, हेच आधी आमच्या लक्षात आलं.

"माझी गोष्ट मला परत द्या," त्या मालकांना म्हणाल्या.

मालक गोंधळले. "ताई, गोष्ट परत कशी देणार? सहा आठवड्यांचं काम आहे."

"मग पुरती ऐका. हे अर्धी ऐकून टॅक्सीत बसले."

गोष्टीवाल्यानं टेबलावरच्या वायरींमध्ये डोकं खुपसलं. मालकांनी घड्याळ बघितलं, मग चौकीताईंच्या तोंडाकडे बघितलं आणि खुर्ची पुढे सरकवली. त्या बसल्या नाहीत, उभ्यानंच सांगू लागल्या.

"त्याचं नाव पाठमोरा. गावातल्या लोकांना तो पाठमोराच दिसायचा ना, म्हणून. तोंड बाहेर, पाठ आपल्याकडे. राखण करणारा कुणीही असाच बसतो, आपल्या माणसांकडे पाठ करून. भीती बाहेरून येते, घरातून नाही. पोरं त्याच्या पाठीवर घसरगुंडी खेळायची, बायका त्याच्या शेपटीशी बसून गप्पा मारायच्या, तो हलायचा नाही. पण कान त्याचे मागे वळलेले. कोण कसं चालतं हे सगळं तो ऐकून ठेवायचा. गावातून बाहेर जाणाऱ्याला तो अडवत नाही. फक्त डोकं खाली घालतो, कारण जाणाऱ्याकडे बघवत नाही त्याला. तुम्ही मागे वळून बघितलंत तरी तोंड दिसत नाही. तोंड दिसतं ते परत येणाऱ्याला. पाऊल ओळखीचं वाटलं, की तो मान वर करतो, एकदा बघतो आणि बाजूला सरकतो. तो बघतो ना, तेव्हा माणसाला कळतं, आलो बाबा घरी."

त्या पुढे म्हणाल्या, "आई नऊ वर्षांची होती. दगडासाठी डोंगर फोडायला घेतला आणि गाव ट्रकमध्ये घालून खाली आणलं. तोवर ती वेशीबाहेर गेलीच नव्हती. ट्रकमधून तिनं मागे बघितलं, तर त्यानं डोकं खाली घातलेलं. परत जायला गाव उरलंच नाही. तोंड काही तिनं बघितलं नाही."

"खरंच होता तो?" डेंटिस्टनं हळूच विचारलं.

"खडक असेल गं. मोठा, शेवाळलेला. पण हे आईसमोर म्हणू नकोस." मग त्या मालकांकडे वळल्या, आणि आवाज पहिल्यांदा चिरकला. "ती रोज विचारते, झाला का. तिला मी हे दाखवू? आपल्याच गावाकडे तोंड वासून बसलाय आणि आपलंच माणूस त्याला भोसकतंय! त्या गावाचं एवढंच उरलंय, साहेब. तेही तुम्ही दिवसाला बारा वेळा मारताय."

मला कुणी भर रस्त्यात कानफटवलं असतं तरी एवढं लागलं नसतं. सदतीस प्राणी एकदम आठवले.

पहिली बोलली ती डेंटिस्ट, आणि बोलली ती रडवेल्या सुरात. "म्हणजे माझं तोंड कुणाला दिसणारच नाही? सहा आठवडे केलंय मी ते!"

"दिसेल की," चौकीताई म्हणाल्या. "परत येणाऱ्याला दिसेल. एकदाच."

डेंटिस्टनं डोळे पुसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "एकदाच दिसणार असेल, तर ते अजून नीट करायला हवं. एवढे दात नकोत." त्या क्षणी आमचं मत फिरलं. मालकांचं नाही.

मालक वाईट नव्हते, घाबरलेले होते. लोक गेम घेतात ते मारामारीसाठी, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. बरीच रस्सीखेच झाल्यावर त्यांनी एक अट घातली. तीन आठवड्यांनी बाहेरचे चाळीस खेळाडू गेम तपासायला येणार होते. त्यांना पाठमोरा द्यायचा, पण काहीही समजावून सांगायचं नाही. हातात तलवार असू दे, प्राण्याच्या डोक्यावर लाल पट्टीही असू दे. परत येताना निम्म्यांनी जरी त्याच्यावर तलवार उपसली, तर कालदंष्ट्र पुन्हा जागेवर, आणि त्यानंतर कुणी हूं की चूं करायचं नाही.

"चालेल," चौकीताई म्हणाल्या. त्यांना विचार करायलासुद्धा वेळ लागला नाही. माझ्या मात्र तोंडचं पाणी पळालं, कारण आता परत येणाऱ्याला ओळखायची अक्कल मला घालायची होती.

पहिल्या आठवड्यात मी जी माती खाल्ली ती सांगायलाच हवी. मी पाठमोऱ्याला माणूस ओळखायला शिकवलं ते कपड्यांवरून. खेळाडूच्या अंगावर निळा सदरा, निळा सदरा म्हणजे आपला. झकास चाललं. मग टेस्टर बाहेरच्या जंगलात गेला, त्याला तिथे लांडग्याचं कातडं मिळालं, ते पांघरून तो ऐटीत परत आला. पाठमोऱ्यानं त्याला ओळखलंच नाही. बिचारा टेस्टर पाऊण तास स्वतःच्या गावाबाहेर बसून राहिला. उलट एका चोरानं विहिरीवर वाळत घातलेला निळा सदरा चोरला होता, त्याला पाठमोऱ्यानं मान झुकवून आत सोडलं.

चौकीताईंना सांगितलं तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, आमच्या कारखान्यात नऊशे माणसं एकाच रंगाच्या कपड्यांत! तुमच्यासारखी अक्कल असती तर मी पहिल्याच दिवशी कामावरून गेले असते."

"मग ओळखायचात कसं?"

"इथे बसा," त्यांनी खुर्ची मला दिली. "डोळे मिटा. आता जिना ऐका."

मी डोळे मिटले. खालून पावलं आली. "हा काचा पुसणारा," त्या म्हणाल्या. "उजवा पाय जरा ओढतो. ही डेंटिस्ट, दोन पायऱ्या सोडून चढते आणि शेवटच्या पायरीवर धापा टाकत थांबते. हे मालक. काही बिनसलं असलं की प्रत्येक पायरीवर टाच आपटतात. आज बिनसलंय." मी डोळे उघडले, तर तिघेही त्याच क्रमानं वर आले. मालकांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं.

तो दिवस आणि पुढचे पंधरा दिवस मी वेड्यासारखं काम केलं. गेम खेळतानासुद्धा प्रत्येक माणसाची आपली एक चाल असते, हे इतकी वर्षं मला ठाऊक होतं आणि कधी सुचलं नव्हतं. कुणी उगाचच उड्या मारत जातो, कुणी भिंतीला घासून जातो, कुणी चार पावलं धावून थबकतो, कुणी दिसेल त्या विहिरीत डोकावतो. पाठमोऱ्याला मी तेच शिकवलं. खेळाडू गावात असतो तोवर त्यानं पाठ करून नुसतं ऐकायचं. तो परतला की नवी पावलं जुन्या पावलांशी ताडून बघायची. डेंटिस्टनं त्याचे कान नव्यानं काढले, मोठे आणि मागे वळणारे. दातांची संख्या चाळीसवर आली. डोळे मात्र तिनं नऊ वेळा बदलले, आणि दर वेळी चौकीताईंना विचारायला गेली. त्या दर वेळी म्हणायच्या, "मला काय विचारतेस? मी कुठे बघितलंय?"

चाळीस खेळाडूंचा दिवस उजाडला. सकाळी दहाला चौकीताईंनी एकेकाचं तोंड निरखून सगळ्यांना आत सोडलं आणि त्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. मालक हातात कागद घेऊन उभे होते. कुणी तलवार उपसली की एक रेघ.

पहिला तासभर सगळे गावात हुंदडत होते. पाठीवरची घसरगुंडी एका मुलीला सापडली, मग शेजारच्याला, आणि बघता बघता अर्धा हॉल खिदळत होता. वेशीबाहेर गेल्यावर काहींनी वळून बघितलं, डोकं खाली घातलेलं दिसलं. "ए, याला काय झालं?" एक जण म्हणाला. आम्ही मूग गिळून बसलो.

पहिला जो परतला तो नेमका एक दाढीवाला, बोटं सुरीसारखी चालवणारा पट्टीचा खेळाडू. धुक्यातून ते धूड दिसलं, लाल पट्टी दिसली, आणि त्यानं विचारही न करता तलवार काढली. मालकांनी पहिली रेघ ओढली. मागोमाग दोघांनी उपसली. पाठोपाठ अजून तिघांनी. सहा रेघा झाल्या आणि माझी पाचावर धारण बसली.

दाढीवाला घाव घालत होता, लोळण घेत होता, उड्या मारत होता. पाठमोरा जागचा हलत नव्हता, उलटून वारही करत नव्हता, लाल पट्टी जेमतेम उतरत होती. कान तेवढे पुढे-मागे होत होते. "हा मला मारत का नाहीये?" दाढीवाला वैतागून म्हणाला. त्यानं तलवार म्यान केली, दोन पावलं मागे आला, आणि काय करावं न सुचून गावात चालत होता तसाच, भिंतीला घासत, थबकत, चालू लागला. कान थांबले. आणि मग पाठमोऱ्यानं मान वर केली.

डेंटिस्टनं केलेलं ते तोंड मी शंभरदा पाहिलं होतं, तरी अंगावर काटा आला. म्हाताऱ्या माणसाचे असतात तसे डोळे, आणि त्या डोळ्यांत ओळख. तो एकदा बघून बाजूला सरकला, मागे गावातले दिवे दिसले. दाढीवाल्यानं हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवला. "आयला," तो म्हणाला, "यानं मला ओळखलं!"

हे शेजारच्यानं ऐकलं की काय, की त्यांचं त्यांनाच सुचलं, मला माहीत नाही. पण त्यानंतर एकेक जण धुक्यातून येत गेला, धुडासमोर थबकत गेला आणि हात तलवारीकडे न नेता उभा राहत गेला. एक मुलगी तर चक्क म्हणाली, "अगं बाई, हा तर आपला घसरगुंडीवाला!" आणि धावत सुटली. मालकांची पेन्सिल कागदावर तशीच. सातवी रेघ, बऱ्याच वेळानं आठवी. दुपारी तीनला शेवटचा खेळाडू घरी पोचला तेव्हा कागदावर नऊ रेघा होत्या. चाळीसपैकी नऊ! त्यातल्याही सहा जणांनी तलवार परत म्यान केली होती.

आम्ही ओरडलो. म्हणजे अक्षरशः ओरडलो; वरचा नाचाचा क्लास थांबला. गोष्टीवाला टेबलावर चढला, डेंटिस्ट रडत होती, मी कुणाकुणाला मिठ्या मारल्या ते आठवत नाही. मालक कागद घेऊन दारापाशी गेले, काच ढकलली आणि चौकीताईंच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "तुमच्या पायांवरूनच कळलं." पण बोलता बोलता त्यांनी तोंडाला पदर लावला होता.

मालकांनी त्या दिवशी गेमचं नाव बदललं. 'पाठमोरा'. लाल पट्टी त्यांनी स्वतः काढून टाकली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे ऑफिसात आलो, कुणी न बोलावता. चौकीताई आईंना घेऊन येणार होत्या. आजी लिफ्टमधून आल्या, काठी टेकत, आणि आल्या आल्या त्यांनी आम्हा प्रत्येकाचं तोंड निरखून घेतलं. ही सवय कुठून आली ते तेव्हा समजलं. त्यांना मालकांच्या खुर्चीत बसवलं. चौकीताई कंट्रोलर हातात घेऊ लागल्या, तर आजी म्हणाल्या, "आण इकडे. माझं गाव आहे."

बोटं बटणांवर अडखळत होती, खेळाडू गोगलगाईसारखा चालत होता, पण तो चालला. विहिरीपाशी थांबला. प्रत्येक दारापाशी थांबला. मग ती शेवाळलेली पाठ दिसली आणि आजी एवढंच म्हणाल्या, "हं." त्यानंतर त्या पाठीवरून सतरा वेळा घसरल्या. मी मोजलं. डेंटिस्ट नखं खात होती.

सव्वा तासानं आजी वेशीबाहेर पडल्या. वळून बघितलं. त्यानं डोकं खाली घातलं होतं. "असाच," त्या म्हणाल्या, आणि ओठ घट्ट मिटले.

"आजी, पुढे जंगल आहे," मी म्हटलं. "नदी आहे, लांडगे आहेत..."

"मला नको तुझे लांडगे. मला परत जायचंय."

त्यांनी खेळाडू वळवला. धुकं होतं. हळूहळू पावलं पडत होती, दोन पावलं, थांबायचं, पुन्हा दोन. कान हलले. इतक्या मंद पावलांची परीक्षा मी घेतलीच नव्हती. हात कुठेही लावायचे नाहीत म्हणून मी ते पाठीमागे बांधून धरले. कान थांबले. पाठमोऱ्यानं मान वर केली आणि आजींकडे बघितलं.

शेवटी डेंटिस्टला राहवेना. "आजी," ती म्हणाली, "असंच होतं का हो तोंड?"

"मला काय माहीत गं?" आजींचे गाल ओले झाले होते आणि त्या हसत होत्या. "मी परत आले कधी होते? आत्ता तर येतेय!"

पाठमोरा बाजूला सरकला. आत गाव दिसत होतं. दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ घट्ट धरून चौकीताई मागे उभ्या होत्या, ज्या गावाबद्दल जन्मभर ऐकलं आणि जिथे त्यांचा पाय कधी लागला नाही त्या गावाकडे बघत. आजींनी मान न वळवता हात मागे केला आणि लेकीचं मनगट पकडलं.

"तिथे काय उभी राहिलीस?" त्या म्हणाल्या. "ये, आपलं घर दाखवते तुला."